विशेष शिक्षकाला नेमके काय शिकवले जाते

विशेष शिक्षणातील बी.एड. करते आहे असे सांगितले की समोरच्या व्यक्तीचा आवाज एकदम मऊ होत असे. "तुमच्याकडे फार संयम असणार", "हे खरे पुण्याचे काम", "आम्हाला नसते बाई जमले" ही वाक्ये मी नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून आणि सर्वसाधारण शाळांतल्या शिक्षकांकडूनही ऐकली आहेत. त्यांमागचा चांगुलपणा मला कळतो आणि त्याबद्दल कोणावर रागही नाही. तरीही ज्या कामाला एकदा पुण्य म्हटले, त्याचे प्रशिक्षण किती व कसे असते, त्यात चूक झाली तर मुलाचे काय नुकसान होते आणि ते करणाऱ्याला पगार काय मिळतो, हे प्रश्न मग कोणी विचारत नाही. आता माझी नोंदणी झाली आहे आणि मी एका विशेष शाळेत शिकवते आहे. या प्रशिक्षणात काय असते, हे त्यामुळे एकदा सविस्तर लिहावेसे वाटले. माया लागतेच, ती कोणत्या शिक्षकाला लागत नाही? पण केवळ मायेवर हे काम करता येत नाही आणि कायद्यालाही ते मान्य नाही.

कायद्यापासूनच सुरुवात करते, कारण बहुतेक पालकांना तो ठाऊक नसतो. भारतीय पुनर्वास परिषद, जिला आम्ही सगळे 'आरसीआय' म्हणतो, १९८६ मध्ये नोंदणीकृत संस्था म्हणून स्थापन झाली आणि १९९२च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला. वाचाश्रवणतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, कृत्रिम अवयव बसवणारे तंत्रज्ञ आणि विशेष शिक्षक अशा व्यावसायिकांचे अभ्यासक्रम ही परिषद ठरवते, संस्थांना मान्यता देते आणि उत्तीर्ण झालेल्यांची नावे केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत घेते. या नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीने विशेष शिक्षक म्हणून काम करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा कायद्याच्या तेराव्या कलमात सांगितल्या आहेत. दंडाची रक्कम आज किरकोळ वाटेल, परंतु त्यामागचा विचार किरकोळ नाही. ज्या मुलाला स्वतःवर होणाऱ्या अन्यायाची तक्रार शब्दांत मांडता येत नाही, त्याच्यासमोर कोण उभे राहते आहे, याची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे.

या क्षेत्रात येण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. बारावीनंतर विशेष शिक्षणातील पदविका, म्हणजे डी.एड., करता येते आणि पदवीनंतर बी.एड.; दोन्हींसाठी खुल्या प्रवर्गाला पन्नास टक्के गुण लागतात. प्रवेश घेतानाच बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष, अध्ययन अक्षमता किंवा स्वमग्नता यांसारखे एक विशेषीकरण निवडावे लागते आणि पुढे नोंदवहीत तेच विशेषीकरण लिहिले जाते. माझे विशेषीकरण बौद्धिक अक्षमता हे आहे. माझे पदवीचे शिक्षण मराठी विषयात झाले असल्याने मज्जासंस्था, गुणसूत्रे आणि जन्मापूर्वीची, जन्मावेळची व जन्मानंतरची कारणे हा भाग मला सुरुवातीला जड गेला. तो कोणालाही वाचून समजतो, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. या प्रशिक्षणाचा गाभा मूल्यमापनात आहे.

बौद्धिक अक्षमता असलेले मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या फाइलमध्ये दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असते. २०१८च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सामाजिक प्रौढतेच्या, म्हणजे मूल रोजचे व्यवहार कितपत स्वतः करते हे पाहणाऱ्या, मोजपट्टीवर ३६ ते ५४ गुण असलेल्या मुलाला ७५ टक्के दिव्यांगत्व दिले जाते. सवलतींसाठी, निवृत्तिवेतनासाठी हा आकडा आवश्यकच आहे. शिक्षकाला मात्र तो फारसे काही सांगत नाही. माझ्या सरावाच्या वर्गात ७५ टक्के लिहिलेली दोन मुले शेजारी बसत असत. त्यांतील एकाला वर्गातल्या सर्वांची नावे ठाऊक होती, पण चप्पल उजव्या-डाव्या पायात बरोबर घालता येत नव्हती. दुसरा एक शब्दही बोलत नसे, पण डबा उघडून, जेवून, धुऊन, पुसून पिशवीत ठेवण्यापर्यंत सारे स्वतः करत असे. दोघांना एकच पाठ शिकवणे म्हणजे दोघांचाही वेळ वाया घालवणे होय.

म्हणून विशेष शिक्षक मुलाचे मूल्यमापन स्वतः करतो. बुद्ध्यंक काढणे हे मानसशास्त्रज्ञाचे काम आहे. महाराष्ट्रात त्यासाठी वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या चाचण्यांत बिने-कामत चाचणी आणि नागपुरात डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी तयार केलेली चाचणी यांची नावे मराठी माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावीत अशी आहेत. शिक्षकाच्या हाती वेगळी साधने असतात. चेन्नईच्या विजय ह्यूमन सर्व्हिसेसने विकसित केलेल्या 'एमडीपीएस' या कौशल्यसूचीमध्ये १८ क्षेत्रे आणि प्रत्येकात २० अशी ३६० कौशल्ये आहेत. सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेल्या 'बेसिक-एमआर' या मोजपट्टीच्या पहिल्या भागात सात क्षेत्रांत मिळून २८० कौशल्ये आहेत आणि प्रत्येकापुढे शून्य ते पाच यांपैकी एक आकडा लिहायचा असतो. मूल एखादी कृती पूर्ण स्वतंत्रपणे करत असेल तर पाच, खुणेने करत असेल तर चार, तोंडी सांगावे लागत असेल तर तीन, हात धरून करवून घ्यावी लागत असेल तर दोन, आणि सारे दुसऱ्यानेच करावे लागत असेल तर एक. ती कृती त्या मुलाला लागूच नसेल तर शून्य.

वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात खूण संपते कुठे आणि तोंडी मदत सुरू होते कुठे, हे ठरवण्यासाठी मुलाकडे फार बारकाईने पाहावे लागते. शिक्षिकेने नळाकडे नुसती नजर टाकली आणि मूल हात धुवायला उठले, तर ते स्वतंत्र नाही. घरी हे काम आई करून टाकत असेल, तर 'येत नाही' आणि 'संधी मिळालेली नाही' यांत फरक करावा लागतो. आमच्या मार्गदर्शक बाईंची एक शिस्त होती. निरीक्षणाच्या वहीत 'चिडली', 'हट्ट केला', 'मूड नव्हता' असे काही कोणी लिहिले की त्या ते शब्द खोडत आणि विचारत, "तुम्ही काय पाहिलेत ते सांगा. तिला काय वाटले ते नंतर बघू." सर्वसाधारण अध्यापन प्रशिक्षणात आपण बोलायला शिकतो: प्रस्तावना कशी करावी, प्रश्न कसा विचारावा, फळ्यावर काय लिहावे. इथे पहिले काही महिने पाहायलाच शिकावे लागले, आणि या शिक्षणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट तीच आहे.

मूल्यमापनानंतर वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे 'आयईपी', तयार होतो. त्यात 'पैशांची ओळख होईल' असे उद्दिष्ट लिहून चालत नाही. 'पाच व दहा रुपयांची नाणी एकत्र ठेवली असता, दहा रुपयांचे नाणे मागितल्यावर पाचपैकी चार वेळा मदतीशिवाय उचलून देईल' असे लिहावे लागते, कारण तीन महिन्यांनी शिक्षकाने काय साधले याचे उत्तर त्या वाक्यातूनच मिळते. मूल कितपत शिकले याबरोबर आपण कितपत शिकवले हेही त्यात उघड होते, आणि ते तसे उघड व्हावे असेच माझे मत आहे. अनेक ठिकाणी हे आराखडे तपासणीच्या आदल्या आठवड्यात एकमेकांवरून उतरवले जातात. ज्या आराखड्यातले फक्त नाव बदलले आहे, त्याला वैयक्तिक म्हणता येत नाही.

आराखड्यात पालकांचा सहभाग असावा असे अभ्यासक्रम सांगतो, आणि तो का असावा हे मला एका आईमुळे नीट समजले. मुलगा चौदा वर्षांचा होता. मूल्यमापनातून पुढे आलेली उद्दिष्टे मी त्यांच्यासमोर ठेवली: घड्याळातील तास ओळखणे, स्वतःचे नाव गिरवणे, दुकानातून एक वस्तू आणणे. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बाई, ते सगळं शिकवा. पण आधी त्याला दार लावून आंघोळ करायला शिकवा. बहीण आता मोठी झालीये." दोन खोल्यांच्या घरात त्या कुटुंबाला रोज काय सोसावे लागत होते, ते ३६० कौशल्यांच्या यादीतून मला दिसले नसते. ते उद्दिष्ट आम्ही पहिल्या क्रमांकावर घेतले. शाळेतील मावशींच्या मदतीने न्हाणीघराच्या दाराची कडी लावणे, टॉवेल आणि कपडे आधीच आत नेऊन ठेवणे, कपडे घालूनच बाहेर येणे अशा पायऱ्या ठरवल्या आणि त्याच पायऱ्यांची चित्रे घरच्या दारावर लावायला दिली.

पायऱ्या पाडण्याच्या या पद्धतीला आम्ही वर्गात 'टास्क अॅनालिसिस' म्हणतो, आणि तिच्याबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण विशेष शिक्षकाचे कसब तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. शर्टाचे बटण लावणे हीच कृती घ्या. डाव्या हाताने काजाजवळची कड धरायची, उजव्या हाताच्या अंगठा व तर्जनीत बटण उभे धरायचे, त्याची कड काजात घालायची, अर्धे बटण पलीकडे ढकलायचे, तोवर डाव्या हाताने पलीकडून ते पकडायचे आणि उजव्या हाताने आता काजाजवळचे कापड ओढायचे. आपण हे रोज न पाहता करतो, त्यामुळे मध्येच हातांची कामे बदलतात हे आपल्या ध्यानातही येत नाही. मूल बहुधा तिथेच अडते. अशा वेळी शेवटच्या पायरीपासून मागे येण्याची पद्धत वापरली जाते. अर्धे बटण काजातून बाहेर येईपर्यंतचे सारे शिक्षक करतो आणि बाहेर आलेले बटण ओढण्याचे काम मुलाकडे ठेवतो. त्यामुळे काम पुरे झाल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून मुलाच्या वाट्याला येतो. ती पायरी पक्की झाली की तिच्या आधीची पायरी मुलाकडे द्यायची, आणि असे करत सुरुवातीपर्यंत यायचे. हातावर हात ठेवून दिलेली मदत आधी मनगटावर, मग कोपरावर, मग नुसत्या बोटाच्या स्पर्शावर आणायची आणि अखेरीस काढून घ्यायची. मदत देण्यापेक्षा ती वेळेवर काढून घेणे अधिक कठीण असते, कारण मूल धडपडताना दिसले की आपला हात आपोआप पुढे जातो.

यात आणखी एक खाच आहे. टेबलावर ठेवलेल्या लाकडी चौकटीवर मोठी बटणे लावायला मूल शिकते आणि स्वतःच्या अंगातल्या शर्टावर त्याला तेच जमत नाही. चौकट समोर असते, तर अंगातला शर्ट वरून पाहावा लागतो आणि गळ्याजवळचे बटण तर दिसतच नाही. म्हणून अंगावर शिकवताना खालच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या बटणापासून सुरुवात करतात. शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी, दुसऱ्या वस्तूवर, दुसऱ्या माणसासमोर वापरता येणे हे या मुलांसाठी आपोआप घडत नाही, ते वेगळे शिकवावे लागते. ज्या शाळांत चौकटीवरचे बटण लागले की प्रगतिपुस्तकात खूण केली जाते, तिथे काम निम्म्यावर सोडले जाते.

वर्तनाच्या प्रश्नांविषयी तर सर्वसामान्य समज फारच चुकीचे आहेत. आमच्या सरावाच्या शाळेत एक मुलगी समोरची मण्यांची थाळी जमिनीवर ढकलून देत असे. सारे म्हणत की ती आक्रमक आहे. वर्तनाच्या आधी काय घडले, वर्तन नेमके काय होते आणि त्यानंतर काय झाले, अशा तीन रकान्यांत नोंदी ठेवल्या तेव्हा पहिल्या रकान्यात बहुतेक वेळा 'मणी ओवण्याचे काम दिले' आणि तिसऱ्यात 'मावशींनी हात धरून व्हरांड्यात नेले' असे आले. तिला व्हरांड्यातच जायचे होते आणि ते सांगण्याचा दुसरा मार्ग तिच्याजवळ नव्हता. तिला एक चित्रकार्ड दिले. ते उचलून दाखवले की थोडा वेळ व्हरांड्यात जाता येई. मण्यांची संख्याही कमी केली. ढकलणे एकदम थांबले नाही. कार्ड दाखवूनही कोणी लक्ष दिले नाही अशा दिवशी ते परत होई. पण ते कमी झाले, आणि तिच्याबद्दल बोलताना 'आक्रमक' हा शब्द शिक्षक वापरेनासे झाले. केवळ संयम असलेल्या व्यक्तीने ती थाळी रोज न रागावता उचलून ठेवली असती.

स्वतःचे विशेषीकरण सोडून इतर दिव्यांगत्वांचीही ओळख करून घ्यावी लागते. दृष्टिदोषाच्या भागात ब्रेल पाटी आणि टोच्या घेऊन उजवीकडून डावीकडे ठिपके उमटवायचे, मग कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे. मराठीसाठी भारती ब्रेल वापरतात, आणि त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता, उच्चाराप्रमाणे, नंतर येते. डोळ्यांनी वाचणाऱ्या मुलांना जिथे गोंधळायला होते तिथे बोटांनी वाचणाऱ्यांना होत नाही, हे पाहून मला फार बरे वाटले. या ओळखीवर अंध मुलांना शिकवण्याचा अधिकार मिळत नाही आणि मिळूही नये. आपल्या वर्गातल्या मुलाला ऐकू येत नसावे किंवा नीट दिसत नसावे अशी शंका वेळेत येऊन त्याला योग्य व्यक्तीकडे पाठवता यावे, एवढे मात्र त्यातून साधते, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांत अशी दुहेरी अडचण असते तेव्हा ती सहज दुर्लक्षित राहते.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी आईवडिलांनी सुरू केलेल्या वर्गातून १९४४ साली मुंबईत जय वकील शाळा उभी राहिली. १९६४ मध्ये पुण्यात कामायनी ही विशेष शाळा सुरू झाली. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून श्रवणदोषाच्या क्षेत्रात शिक्षक घडवते आहे. तरीही प्रशिक्षित माणसाला स्थिर नोकरी मिळणे आजही कठीण आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली आणि सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वसाधारण शाळांतही विशेष शिक्षकांची कायमस्वरूपी पदे असावीत असे बजावले. त्यानंतर प्राथमिक स्तरावर दहा आणि वरच्या स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरले. महाराष्ट्रात समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षक वर्षानुवर्षे करारावर, दरवर्षी मुदतवाढीची वाट पाहत काम करत आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या पातळीवर, ४,८६० पदे मंजूर केली तेव्हा माझ्याबरोबरच्या अनेकांना पहिल्यांदा या व्यवसायात निवृत्तीपर्यंत राहता येईल असे वाटले. पण एका केंद्राखाली अनेक शाळा येतात. आठवड्यातून एकदा येणाऱ्या शिक्षकाने वर सांगितलेले निरीक्षण, नोंदी आणि हळूहळू मदत काढून घेणे कसे साधायचे? वर्गशिक्षकाला सोबत घेतल्याशिवाय ते शक्य नाही, आणि वर्गशिक्षकाच्या प्रशिक्षणात या विषयाला आज मिळणारी जागा अगदीच अपुरी आहे.

नोंदणी एकदा झाली की संपले असेही नाही. ती पाच वर्षांसाठी असते आणि नूतनीकरणासाठी परिषदेने मान्य केलेल्या कार्यशाळांना हजर राहून गुण मिळवावे लागतात. त्यांतील काही कार्यशाळा केवळ सहीसाठी असतात हे खरे आहे. चांगल्या कार्यशाळांत मात्र इतर जिल्ह्यांतील शिक्षक भेटतात, आणि जय वकीलच्या पुढाकारातून तयार होऊन राज्यातील विशेष शाळांत पोहोचलेल्या 'दिशा' अभ्यासक्रमावर तिथे जी चर्चा होते, ती पुस्तकात मिळत नाही.

ज्यांना हे शिक्षण घ्यायचे आहे त्यांनी प्रवेशाआधी दोन गोष्टी स्वतः तपासाव्यात. ज्या महाविद्यालयात आपण जातो आहोत त्याला परिषदेची मान्यता त्या शैक्षणिक वर्षासाठी आणि त्याच विशेषीकरणासाठी आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर पाहावे. प्रवेश देणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये, कारण मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाच्या पदवीवर नोंदणी होत नाही. दुसरे म्हणजे, सरावासाठी कोणत्या विशेष शाळा जोडलेल्या आहेत आणि तिथे छात्राध्यापकाला रोज मुलांबरोबर किती वेळ मिळतो, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे. पालकांनाही माझे सांगणे आहे की मुलाला शाळेत किंवा थेरपी सेंटरमध्ये घालताना शिक्षकाचा नोंदणी क्रमांक आणि त्याचे विशेषीकरण निःसंकोच विचारा. मला तो विचारणाऱ्या पालकांचे मला कधीच वाईट वाटत नाही. मी प्रमाणपत्राची प्रत वर्गातच ठेवलेली आहे.